प्रोप्रायटर वासंती शिर्के

७ मार्च १९८३
वकिलांकडे जाऊन आलो. विकासनगरात घरं उठताहेत, लोक माझ्याकडून नकाशे काढून नेतात. आता हे काम रीतसर फर्म करून करायचं. श्रीवास्तव वकील बोलत होते ते सगळं ह्यांच्याकडे बघून — "अकेले करें तो प्रोप्राइटर, दो जने हों तो पार्टनरशिप." मग हळूच, "रेलवे के साहब लोग तो बीवी के नाम से ही करते हैं." मी म्हटलं, काम मैं ही करती हूँ. "हाँ हाँ, बिल्कुल!" डोकं फिरलं माझं.

८ मार्च
रेल्वेच्या नोकराला स्वतःचा धंदा करायची बंदी, म्हणून ह्यांचं म्हणणं, पद्मिनीला भागीदार घे. पद्मिनी शेजारची. गिऱ्हाइकं तीच सांभाळते, टायपिंगही करते. "दोन बायकांची फर्म म्हटल्यावर माझ्याकडे कोण बोट दाखवणार?"

बरोबर आहे. पण साताऱ्याला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला तेव्हापासून रेघा मी मारतेय आणि खाली सही दुसऱ्याची. मला एकटीचं नाव हवं. हट्ट तर हट्ट. पद्मिनी म्हणाली, "कर की. मला काय, पगार दिलास म्हणजे झालं."

१५ मार्च
शिक्का करून आणला. ह्यांनी ऑफिसात लेखी कळवलं — बायको फर्म काढतेय. शिक्का जुन्या पेपरवर उमटवून पाहिला. उगाच.

२ जून
ह्यांच्यावर तक्रार गेलीय. बायकोच्या नावाआड स्वतः धंदा करतात म्हणे. कुणी केली, कळत नाही.

९ जून
दुपारी चौकशीचा माणूस दारात. मी कणीक मळत होते. "फर्म के मालिक कौन हैं?" आणि मी बोलून गेले — "मालिक दफ़्तर गए हैं."

आमच्याकडे नवऱ्याला मालकच म्हणतात. आई म्हणायची, आत्या म्हणायची. कानांनी फर्म ऐकलंच नाही, मालक तेवढं ऐकलं. त्यानं लगेच लिहून घेतलं. मग मी ड्रॉइंग बोर्ड दाखवला. म्हटलं, कागद दीजिए, आपके सामने बनाती हूँ. तो हसला. "ट्रेसिंग तो कर ही लेती होंगी, भाभीजी."

जीभ हासडून टाकावी असं वाटतंय.

११ जून
ह्यांचं प्रमोशन तोंडावर आलंय. ते गेलं तर माझ्या एका शब्दापायी. हे रोजच्यासारखे जेवतात, डबा घेऊन ऑफिसला जातात. भांडले असते तर बरं झालं असतं. पद्मिनी म्हणाली, "मला भागीदार केलं असतंस तर —" आणि टाइपरायटरकडे वळली.

ह्यांना म्हटलं, मी येते तुमच्या साहेबांकडे. त्यांच्यासमोर बसून अख्ख्या घराचा नकाशा काढते, मग बघू कोण काय म्हणतं. "थांब," म्हणाले, "मी बघतो."

२० जून
मिटलं. साहेब म्हणाले, कबूल करा, नुसती ताकीद देऊन सोडतो. ह्यांनी लिहून दिलं — सगळे नकाशे मीच काढले, बायकोचं फक्त नाव.

येताना माझ्यासाठी रेवडी आणली. "सुटलो बघ," म्हणाले.