मुळाशेजारची वस्ती

१० जून
जालन्याला ट्रेनिंग झालं. आजवर आपण झाड वरूनच बघत आलो. खरा कारभार खाली. मुळाला चिकटलेल्या मातीत करोडो जिवाणू. मूळ त्यांना गोड रस पाजतं, ते मुळाला अन्न आणून देतात. शेवटचं लेक्चर मातीतल्या हवेवर होतं. पण शहागडची बस होती, निघालो. मेन मुद्दा समजला.

१२ जून
मोसंबीची बाग मायची. अप्पा गेल्यावर दुष्काळात तिनं डोक्यावर घागरी आणून झाडं जगवली. तिला म्हणलो, माय, आता बाग मी बघतो. ती म्हणली, तुला कळतं तसं कर बाबा.

२० जून
ड्रममधी गूळ, शेण, बेसन, जिवाणूचं कल्चर. सगळ्या झाडांना दिलं. जिवाणूला ओल लागते, म्हणून ड्रिप दिवसभर चालू. बायको, वंदना म्हणली, काळी जमीन हाये, परवाच पाऊस झाला. तिला सायन्स समजावून सांगून राह्यलो तर ती भाकऱ्या टाकायला गेली.

६ जुलै
पानं पिवळी. चांगली खूण. झाड ताकद खाली पाठवून राह्यलं.
शेजारचा वसंता बांधावर आल्ता. म्हणला, भारत, बुडात पाणी साचलंय, चर काढ. त्याची बाग हिरवी हाये, पण ते युरियाचं हिरवं.

१९ जुलै
कृषी सहायक मॅडम आल्त्या. पाणी बंद करा म्हणल्या, मुळं गुदमरतात. हो म्हणलो. पुस्तकी बाई.
उद्यापासून डोस डबल.

४ ऑगस्ट
फळगळ. झाडावरचा लोड कमी झाला, हे बराबरच हाये. खोडातून डिंक येऊन राह्यला. मायनं तो पदरानं पुसला. म्हणली, दुखत असंल का? म्हणलो, न्हाई, आतली घाण बाहेर पडून राह्यली.

१७ ऑगस्ट
ग्रुपवर शिवारफेरीचा मेसेज टाकला होता. भाषण तयार. एकटा वसंता आला. बघितलं, चहा न पिता गेला. जळतो.

३ सप्टेंबर
एका झाडाचं बूड उकरलं. आंबूस वास. परत बुजवलं. ड्रिप बंद केलं. घरात सांगितलं, मोटर बिघडली.

२८ सप्टेंबर
आज बागेत गेलो न्हाई. पाठ दुखते.

१२ ऑक्टोबर
जेसीबीनं बाग काढली. दुपारपर्यंत सगळं सपाट.
माय एका बुंध्यापाशी बसली. मूळ हातात घेतलं तर साल मोज्यासारखी निघून आली. आत काळं. तिनं हात लुगड्याला पुसला. मंग माझ्याकडं न बघता विचारलं, पाणी बंद कर असं तुला कोणीच म्हणलं न्हाई का रे?
मी म्हणलो, न्हाई.
वंदना मागंच उभी होती.