कपाटाची उंची

ता. ४

ती. दादास सा. न. वि. वि.

शिशुवर्गाची खोली लागली, पण माझा जीव थाऱ्यावर नाही. चपलांचा पसारा दिसू नये म्हणून तू केलेलं उंच कपाट मी हौसेनं दारापुढे आडवं लावलं, भिंतीवर चित्रं टांगली. पण एक पोरगी आठ दिवस त्या कपाटाच्या कडेला चिकटून उभी आहे. दप्तर खांद्यावरून उतरवत नाही. महिनाअखेरीस मोठ्या बाई येणार. तोवर रुळली नाही, तर वर्षभर घरी ठेवा म्हणतील. आई कारखान्यात, घरी बघायला कोणी नाही. मी गोष्टी सांगितल्या, माकड झाले. हस तू, पण काहीतरी सुचव!

तुझी चिमणी

ता. ९

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

माकड व्हायला तुला वेगळं काही करावं लागतं होय? मला पोरांतलं कळत नाही, माप कळतं. खुर्ची केली की मी आधी तीत बसून बघतो. तू खोली उभ्यानं लावलीस. ती पोर उभी राहते तिथं गुडघ्यांवर बस आणि काय दिसतं ते कळव. वहिनी म्हणते, गुडघे सांभाळ.

दादा

ता. १३

ती. दादास सा. न.

बसले आणि चरकलेच. चित्रं सगळी माझ्या उंचीची. आणि आई ज्या दारातून जाते ते दार तिला फक्त त्याच जागेवरून दिसतं. आत आलं की मध्ये तुझं कपाट! इतके दिवस मला कळू नये? चित्रं खाली घेतली. पण कपाट हलवू कुठे, बाकी सगळ्या भिंतींना खिडक्या. दादा, ते निम्मं कापावं लागेल. रागावू नकोस रे.

चिमणी

ता. १७

चि. चिमणीस आशीर्वाद.

महिनाभर घासून केलेलं कपाट. दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात अबोला धरला होता. रविवारी येतो. दुसऱ्या कोणाला करवत लावू देऊ नकोस.

दादा

ता. २६

ती. दादास सा. न. वि. वि.

रविवारी तू स्वतःच्या हातानं कपाट कापलंस, मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवारी पोरगी दोन पावलं आत आली, वळून दार पाहिलं, परत गेली. मंगळवारीही तेच. माझा नुसता जीव टांगणीला. काल मोठ्या बाई आल्या तेव्हा ती ठोकळे रचत बसली होती. बाईंनी वहीत काय लिहिलं, अजून कळलं नाही. वहिनीला नमस्कार, आणि माझ्यावरची माया कमी करू नकोस.

चिमणी

ता. क. सगळे गेल्यावर आवरायला गेले, तर कपाटाच्या खालच्या खणात तिचं दप्तर. विसरून घरी गेली, दादा!