सरताजच्या चलाखीपायी केलेली वाटणी

मी, जरगूना, मरहूम शेरबाज यांची बेवा, वय बासष्ट, राहणार चारसद्दा, हे राजीखुशीने लिहून ठेवते. पोलिओने लहानपणी माझा पाय नेला, डोकं नाही. पुढे कोणी शंका काढू नये.

एक. धर्माप्रमाणे दोन तृतीयांश मिळकत माझा एकुलता मुलगा सरताज याची. तिला मी हात लावत नाही, लावता आला असता तर लावला असता.

दोन. माझ्या हातचा एक तृतीयांश, म्हणजे रस्त्याकडची शिवणाची खोली, हाताने फिरवायचं मशीन (पायाचं मला कुठलं जमणार!) आणि बांगड्या, सून स्पोगमई हिला. अट एकच: पोलिओचं पथक दारी येईल तेव्हा धाकट्या नातीला, माहगुलला, दरवेळी डोस पाजायचे. एकदा पाजले म्हणून भागत नाही.

तीन. कारण लिहिते. मला ताप भरला तेव्हा आईने गावठी उपाय म्हणून बोकडाच्या ताज्या कातड्यात गुंडाळलं. गावात डोस कोणी आणलेच नव्हते, तिला काय बोलायचं? पण सरताजच्या दारात डोस आले होते. डोस पाजलेल्या मुलाच्या करंगळीला पथक शाई लावतं. डोस टाळायला या शहाण्याने तसलंच पेन बाजारातून आणलं, थोरल्या मुलाची, झरयाबची, करंगळी स्वतः रंगवली आणि दारात पुढे केली. पथकातल्या बायका बिचाऱ्या पुढच्या घरी गेल्या. बाजारात याची पाठ थोपटली गेली. चुलीत घाला ती चलाखी!

गटाराचं पाणी नळात शिरतं. एकाच्या विष्ठेतला रोग दुसऱ्याच्या तोंडात जातो, आणि रोगाला शाई दिसत नाही. आज माझ्या नातवाचा उजवा पाय माझ्यासारखाच आहे. पेशावरचे डॉक्टर म्हणाले, लागण झाल्यावर औषध नाही, व्यायाम आणि पायाला आधाराची लोखंडी पट्टी एवढंच.

चार. ती लोखंडी पट्टी रोज सकाळी सरताजनेच बांधावी. हे कायद्यात बसत नसेल तर आईचा हुकूम समजावा.

हे सर्व मौलवीसाहेबांनी मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी आपल्या नातवंडांना डोस पाजलेत, म्हणून धर्माची सबब माझ्यापुढे चालणार नाही.

सरताज म्हणाला, “अदे, आई असून सगळं पाप माझ्या एकट्याच्या माथी मारतेस?”

“मग कुणाच्या मारू? उद्या पथक येतंय. माहगुलला तूच उचलून दारात नेशील का, एवढं सांग. लगेच अट खोडते.”

माहगुल त्याच्या मांडीवर उभं राहायला धडपडते आहे. सही करेपर्यंत त्याने उत्तर दिलेलं नाही. सबब अट कायम.

साक्षीदार: मौलवी अब्दुल वदूद; शेजारी तोरबाज, पिठाच्या गिरणीवाले
सही: जरगूना
चारसद्दा, १४ ऑक्टोबर २०१९