लांडग्यानं न न्हेलेली शेळी

लिहून ठेवणार केराबाई भ्रतार गुंडा, जात धनगर, धर्म ख्रिस्ती, वय बावीसच्या आतबाहेर, धंदा मेंढरं राखणं, राहणार सोलापूर, होटगीच्या वाटंवरची वस्ती. आज शनिवारी दुपारी, पोटात भाकर अन् डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवती की, ह्यात कुणाची दमदाटी न्हाय. भ्या हाय. दमदाटी येगळी अन् भ्या येगळं, भ्यानं कागद रद्द हुत न्हाय, असं शिवयोगी आप्पांनी सांगितलं. त्यांचं किराणाचं दुकान हाय अन् ते लोकांचे कागद लिहून देतात. पर हे अक्षर माझं हाय. मिशनच्या शाळंत दुसरीपातूर गेले हुते. चुकलं तर समजून घ्यावं.

नवऱ्याचं नाव कागदासाठी एकदा लिहिलं. आता फुडं रूथचा बाप म्हणती. रूथ आमची लेक, नऊ महिन्यांची.

महिन्यामागं परगावचा एक उपदेशक आला. त्यानं तंबू ठोकला अन् पडद्यावर सात डोक्यांचं जनावर दावलं. म्हणाला, पुनरुत्थानाच्या ऐतवारी, म्हंजे उद्या, प्रभू ढगातनं येणार अन् आपली माणसं वर न्हेणार. येळ सांगितली न्हाय. त्यामुळं उद्याच्या भाकरी कवा थापायच्या ते मला ठरवता येईना. मी वर गेले, का हितंच मेले, का प्रभूच्या डावीकडच्या, आगीत जाणाऱ्यांत निघाले, काय बी झालं तरी माझ्या माघारी असं करावं.

पैलं. तांब्याचा हंडा माझ्या आईचा हाय, तो रूथचा. लोकर कातायचा चरखा शेजारच्या निंगव्वाला द्यावा. ती लिंगायत हाय, लोकर कातत न्हाय, पर तिला त्याच्यापाशी बसून भांडायला आवडतं.

दुसरं. सासूबाई फुलाबाई माढ्याला असत्यात. आमी बाप्तिस्मा घेतला त्या दिशी त्यांनी माझ्या अंगावरचं घोंगडं वढून न्हेलं. म्हणाल्या, "तुझ्या नव्या देवाला म्हणावं, आता तू ऊब दे." त्यांस्नी माझं दुसरं घोंगडंबी द्यावं. जोडी हुईल. त्या हिवाळ्यात मला ऊब कमी पडली हे त्यांस्नी सांगू नये.

तिसरं, शेरडांचं. त्या उपदेशकानं शास्त्रातनं सांगितलं की, न्यायाच्या दिशी प्रभू धनगरावानी मेंढरं उजवीकडं अन् शेरडं डावीकडं करील, अन् डावीकडच्यांस्नी आगीत धाडील. बाकीची माणसं ऐकून घरी गेली. रूथचा बाप धनगर. तो घरी आला अन् कळपातनं शेरडं येगळी काढाय लागला. मी म्हणाले, "आवं, रूथला दूध?" तो म्हणाला, "आगीतलं दूध पाजती का पोरीला?" अकराच्या अकरा बाजाराला न्ह्यायची ठरली.

माझं दूध तापात आटलंय. रूथला मेंढीचं पचत न्हाय, वकती. म्हणून मी पहाटं काळी शेळी निंगव्वाच्या गोठ्यात नेऊन बांधली अन् रूथच्या बापाला सांगितलं, लांडग्यानं न्हेली. तो दोन दिस माग काढत हिंडला, मग बाकीची दहाच बाजाराला गेली. हे खोटं माझ्या नावावर मांडावं, निंगव्वाच्या न्हाय. लांडग्याचीबी माफी मागती.

तवापासनं मी रोज दोन येळा तिकडं जाऊन धार काढती अन् पदराखाली तांब्या आणती. चोराला पाच दिसांत सवय हुती म्हणतात. मला झाली न्हाय.

चौथं, अन् ह्याच्यासाठीच कागद हाय. उद्या मी डावीकडं गेले अन् रूथ बापासंगं उजवीकडं गेली, तर त्यानं तितं कुणालातरी सांगावं की तिला शेळीचं दूध लागतं, कोमट, थोडं पाणी घालून. उजवीकडं शेरडं नसतील. तवा काय करायचं ते मला ठावं न्हाय. रूथ हितंच ऱ्हायली तर निंगव्वानं तिला सांभाळावं. शेळी निंगव्वाची, दूध रूथचं.

हे उजवी-डावीचं मी भीमा मास्तरांस्नी इचारलं. ते आमच्या मंडळीत प्रार्थना चालवतात, म्हातारे हायती. ते म्हणाले, "पोरी, रूथच्या बापानं अर्धंच ऐकलं. फुडचं वाच की." मी बोट ठेवून वाचलं. उजवीकडं गेलेल्यांनी काय केलं हुतं, तर भुकेल्याला खायला दिलं अन् तान्हेल्याला प्यायला दिलं. शेळीचं दिलं का मेंढीचं, त्ये लिवलेलं न्हाय. मी इचारलं, "मास्तर, उद्या येणार का वो?" ते म्हणाले, "मालक येतो तवा चाकराला चूल पेटलेली ठेवायची असती. तारीख इचारायची नसती." मला भ्या वाटतंच हाय. पर चूल पेटलेली हाय.

मास्तर साक्षीला सही करतो म्हणाले. मी नको म्हणाले. ते उद्या वर गेले तर कचेरीत कोण उभं ऱ्हाणार? मास्तर म्हणाले, "मी वर जाणार असं कुणाला तरी वाटतंय, बरं झालं." म्हणून साक्षीला शिवयोगी आप्पा अन् निंगव्वा, दोन्ही लिंगायत घेतली. निंगव्वा म्हणाली, "म्हंजे आमी हितंच कुजणार व्हय गं?" मी म्हणाले, "पोरीला कुणीतरी हितं लागतंय की." मग ती बसली.

हितंपातूर लिहून मी साक्षीदारांस्नी मोठ्यानं वाचून दावत हुते. चौथं संपलं अन् बघितलं तर रूथचा बाप दारात उभा. कवापासनं ते ठावं न्हाय. माझ्या हातातनं टाक पडला, तो डाग वर हाय.

निंगव्वा म्हणाली, "शेळी माझ्या गोठ्यात हाय. काय करणार हायस?"

तो म्हणाला, "ठावं हाय. माग तवाच घावला हुता. लांडग्याच्या पायात जोडवी हुती."

मग मी म्हणाले, "मग दोन दिस कशाला हिंडला?"

तो म्हणाला, "लगेच परत आलो असतो तर शेळी बाजाराला न्यावी लागली असती."

मग तो गेला अन् काळी शेळी दोरीनं घेऊन आला, काखंत बाभळीच्या शेंगा. दाराच्या उजवीकडं बांधली. रूथ तिच्याकडं बघून हसली.

म्हणून चौथं बदलती. शेळी आमच्या दारातच ऱ्हाईल. उद्या सकाळी धार मी काढणार. मी नसले तर रूथच्या बापानं काढावी. तोबी नसला तर निंगव्वानं. बाकीचं वर लिवल्याप्रमाणं.

सही: केराबाई

साक्ष: शिवयोगी, किराणा दुकानदार, सही केली.
साक्ष: निंगव्वा, अंगठा.
कबूल: रूथचा बाप, अंगठा, डाव्या हाताचा. उजवाच घ्या म्हणत हुता. शिवयोगी आप्पा म्हणाले, सरकारला डावाच चालतो.

मुक्काम सोलापूर, ता. ४ एप्रिल १९३१, शनिवार. उद्याच्या भाकरीचं पीठ दळून ठेवलंय.