दुसरा नायट्रोजन

ती. आईस,
तुझ्या धाकटीचा दुरूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत? इथे प्रयोगशाळेत मी अजून बाटल्याच धुते, पण सोमवारी मदतनीस होण्याची परीक्षा आहे. पास झाले तर नोकरी कायमची.

काल समीकरण लिहीत होते. अमोनियम सल्फेट कॉस्टिक सोड्याबरोबर तापवलं की अमोनिया वायू सुटतो. डावीकडे अमोनियमची जोडी होती, मी उजवीकडे एकच अमोनिया लिहिला. रसायनाचे सर म्हणाले, "अहो बाई, दुसरा नायट्रोजन गिळलात की काय? डावीकडे होतं तेवढं सगळं उजवीकडे सापडलंच पाहिजे."

"घरात नाही सापडत, सर," माझ्या तोंडून निघून गेलं. मी जिथे हवे तिथे दोनाचे आकडे घातले:

(NH₄)₂SO₄ + 2NaOH → Na₂SO₄ + 2NH₃ + 2H₂O

पुन्हा मोजलं. हे गेल्यापासून इतकं नीट जुळलेलं काही पाहिलं नव्हतं.

मला न्यायला दादाला पाठवू नकोस. नापास झाले तर पुन्हा बसेन. एकटीला करमतं का, असं विचारतेस. नाही करमत. पण सकाळी कामावर जावंसं वाटतं.

दादाला माझा नमस्कार सांग, आणि तू औषध चुकवू नकोस.

तुझीच,
धाकटी