सासूबाईंच्या आवाजासाठी एक युटिलिटी

३ फेब्रुवारी, सोमवार. निरगुडसर.

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेणाऱ्याने नोंदी ठेवाव्यात. गावात दुसरं कोणी ठेवत नाही, कारण नोंदवण्यासारखं कोणी काही करत नाही.

मेहुणे हौशीराम यांच्या महाळुंगे पडवळच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत ९ मार्चला. बंगला म्हणजे गुलाबी रंग आणि गेटवर सिमेंटचे सिंह. त्यांची इच्छा अशी की त्या दिवशी त्यांच्या आईचा, कै. झुंबरबाईंचा, आवाज सगळ्यांना ऐकवावा. तो आवाज जगात एकाच ठिकाणी आहे. माझ्या युनिक्स वर्कस्टेशनमध्ये, म्हणजे जुन्या, दणकट कॉम्प्युटरमध्ये. मी नोकरीला होतो त्या भोसरीच्या कंपनीने बऱ्याच वर्षांपूर्वी भंगारात काढलं, मी घरी आणलं. त्याच दिवाळीत सासूबाईंना समोर बसवून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

अडचण किरकोळ. जागा वाचावी म्हणून ती फाइल मी जीझिप नावाच्या युटिलिटीने, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमने, आवळून ठेवली. पुढे सिस्टीम नव्याने टाकताना जीझिप पुसलं गेलं. पेटी आहे, किल्ली नाही, एवढंच. किल्ली इंटरनेटवर फुकट मिळते. हौशीरामांना शब्द देऊन टाकला.

सौ. साळुबाई म्हणाली, "जमणार नसंल तर आत्ताच सांगा. मग आस तरी लागायची न्हाई." काही शंका उत्तराच्या लायकीच्या नसतात.

५ फेब्रुवारी

वर्कस्टेशन सुरू केलं. पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा, पण पहिल्या झटक्यात चालू. आजकालची मशिनं पाच वर्षांत मरतात.

ब्राउझर मात्र एकही साइट उघडेना. मधल्या काळात जगाने सुरक्षेचे नियम बदलले. मला कोणी विचारलं नाही.

अक्षदाचा फोन. मुलगी हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, असं ती म्हणते. तिने सुचवलं की मी येते, फाइल माझ्या लॅपटॉपवर घेऊ, तिथे उघडेल. मी विचारलं, युनिक्सची व्याख्या सांग. मीटिंग आहे म्हणून तिने फोन ठेवला. या पिढीला आयकॉनपलीकडे काही दिसत नाही. फाइल मूळ मशीनवरच उघडेल, असं ठरवलं आहे.

११ फेब्रुवारी

मंचरला कोऱ्या सीडीच्या शोधात. एक मोबाइलवाला हसला. दुसऱ्याने विचारलं, गाण्याची पायजे का पिच्चरची. शेवटी लग्नाचे अल्बम करणाऱ्याच्या कपाटात एक मिळाली. त्याच्याच कॉम्प्युटरवर जीझिप उतरवून सीडीत भरलं. कॉम्प्युटर अर्थात विंडोजचा. हात धुऊन घरी आलो.

उद्या काम फत्ते.

१२ फेब्रुवारी

सीडी चढली. फाइल दिसली. पण हे जीझिपही जीझिपनेच आवळलेलं; ते उलगडण्यासाठी जीझिप लागतं. ज्या कोणी हे असं आवळून ठेवलं त्याला अक्कल नाही.

जुन्या वर्कस्टेशनवाल्यांची एक मेलिंग लिस्ट आहे, म्हणजे ईमेलवरचा जगभरचा गट. फोनवरून तिथे कडक पत्र लिहिलं.

१४ फेब्रुवारी

उत्तर आलं. मशीन म्युझियमला द्या, म्हणे. फिनलंडचा माणूस. थंडीचा परिणाम.

१६ फेब्रुवारी

न आवळलेलं जीझिप सापडलं! पण ते तयार नाही, नुसता कोड आहे. तयार करायला कंपायलर नावाचा आणखी एक प्रोग्रॅम लागतो. माझ्याकडे नाही. फुकटचा मिळतो. जीझिपने आवळलेला.

साळुबाईने जेवताना विचारलं, कुठवर आलं. पाया झाला, असं सांगितलं.

१९ फेब्रुवारी, शिवजयंती

अख्खा तालुका शिवनेरीवर. मी घरातच लढतोय.

माळ्यावर जुन्या मासिकाबरोबर आलेली युटिलिटींची सीडी मिळाली. जीझिप सोडून सगळं आहे. दोन बसवल्या. एकीत दोन डोळे माउस जाईल तिकडे बघतात. दुसरी चंद्राची कला दाखवते. साळुबाईला मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हणाली, चंद्र बघायला अंगणात जायला काय झालं. विज्ञान आणि या घराचं कधीच जमलं नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

साळुबाई भीमाशंकरला जाऊन आली. रांगेत तासन्‌तास उभी. आल्यावर पाय न धुता मशीनसमोर बसली. यातली आई कुठली, म्हणाली. मी फाइलचं नाव दाखवलं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि तसंच धरून राहिली.

स्क्रीनवर बोटाचा डाग पडतो हे शांतपणे समजावून सांगितलं.

३ मार्च

पूर्ण तयार, न आवळलेलं जीझिप मिळालं. चालवलं. दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी निघालं. साइटवर टाकताना सांगायला काय होतं लोकांना.

हौशीरामांनी पत्रिकेत छापलंय: "आमच्या आईच्या आवाजात ओव्या." लाउडस्पीकरवाला ठरवलाय. उतावळा माणूस. तयारी कुठवर आली, म्हणून विचारत होते. शेवटचा हात फिरवतोय म्हटलं.

६ मार्च

डिस्कमधून करकर आवाज येतोय. सासूबाईंचा नाही.

८ मार्च

अक्षदा आली. मी दाढीला गेलो होतो. परत आलो तर वर्कस्टेशन आणि तिचा लॅपटॉप यांच्यामध्ये एक वायर. फाइल तिकडे गेलेली, आणि दोनदा क्लिक करून उघडलेलीसुद्धा. मी वायरची क्वालिटी तपासली. बरी आहे.

ती म्हणाली, एकदा ऐकून बघू. मी साफ मनाई केली. दुर्मीळ ध्वनिमुद्रण प्रथम सर्वांसमोरच वाजलं पाहिजे. थोडक्यात, माझ्या मार्गदर्शनाखाली काम वेळेत पूर्ण.

९ मार्च, रविवार. महाळुंगे पडवळ.

पूजा आटोपली. मांडव भरलेला. मी युनिक्सवर दोन शब्द बोललो. हौशीरामांनी मध्येच माइक घेतला. अक्षदाने फाइल लावली.

पहिला आवाज माझा. "नमस्कार. ध्वनिमुद्रण म्हणजे काय, हे आपण आधी समजून घेऊ." तरुणपणीचा आवाज, अत्यंत स्वच्छ. पुढे सॅम्पलिंग. त्यापुढे युनिक्स आणि विंडोज यांतला फरक. मुद्देसूद. लोक आधी स्पीकरकडे बघत होते, नंतर माझ्याकडे. वाढपी बादल्या खाली ठेवून उभे. हौशीराम मान खाली घालून बसलेले.

बऱ्याच वेळाने सासूबाईंचा आवाज आला. "पावणं, झालं का तुमचं?"

मग पुन्हा मी. "थांबा, एक शेवटचा मुद्दा." आणि संपलं.

साळुबाई स्पीकरजवळ येऊन म्हणाली, "आन वव्या?"

त्या काळी डिस्कची क्षमता मर्यादित असे, ती भरली असणार, हे मी सांगितलं.

"ती गायली व्हती," साळुबाई म्हणाली. "पार दिवा लावायच्या येळंपर्यंत गायली. मी मागंच बसले व्हते."

हे मला आठवत नाही. मी त्या वेळी पडद्यावरचे आकडे बघत असणार.

तिने अक्षदाला ते एकच वाक्य परत लावायला सांगितलं. मग परत. बायका चुलीवरची कामं टाकून मांडवात आल्या. हौशीराम उठले आणि स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवून उभे राहिले. जेवणं उशिरा झाली. माझ्या पानात बुंदी वाढायची राहिली. मीही मागितली नाही.

११ मार्च

अक्षदा पुण्याला गेली. जाण्याआधी तिने माझा भाग कापून टाकला. उरलेली फाइल इतकी लहान आहे की आवळायची गरजच नाही. तांत्रिकदृष्ट्या हा फायदाच.

वर्कस्टेशन बंद आहे. पंख्याला विश्रांती हवी.

१५ मार्च

साळुबाईने ते वाक्य फोनची रिंग म्हणून लावून घेतलंय. तिला खूप फोन येतात. मावशीचा, बचत गटाचा, हौशीरामांचा तर रोज. प्रत्येक वेळी सासूबाई स्वयंपाकघरातून विचारतात, "पावणं, झालं का तुमचं?" ती लगेच उचलत नाही. दोन-तीनदा वाजू देते.

दुपारी चहा हवा होता. ती आतल्या खोलीत होती. तिला फोन लावणार होतो. मग उठलो आणि स्वतःच आधण ठेवलं. साखर कुठे असते ते कळलं नाही.