आठ वाजून सात मिनिटांचा भोंगा

अण्णा, आज दुपारपासून तुमचा भोंगा कानात वाजतोय. इथं बीडमध्ये माझ्या वरच्या खोलीत पंख्याशिवाय कशाचा आवाज नाही, तरी वाजतोय. साखर कारखान्यात बॉयलरच्या लोखंडी जिन्यावर उभं राहून तुम्ही साखळी ओढायचात आणि आसपासच्या चार गावांचा दिवस हलायचा. धनगर मेंढरं सोडायचे, मास्तर शाळेच्या घंटेकडं वळायचे, आई चुलीपुढून ओरडायची, "झाला बघा भोंगा, आन् हे पोरगं अजून अंगुळीलाच!" बीडची एसटी कारखान्याच्या गेटवर घुरघुरत उभी असायची, पण आठचा भोंगा झाल्याशिवाय ड्रायव्हर गिअर टाकायचा नाही. केवढा तोरा होता तुमचा! रोज सकाळी रेडिओच्या टूं-टूंवर मनगटावरचं घड्याळ लावायचं, आणि मला अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तरी डाफरायचं, "घड्याळ काय तुला इचारून चालतं का बे?"

पण पाचचा भोंगा झाला की तुमच्यापुरता कारखाना संपायचा. हातपाय धुऊन दारात टेकायचात, आणि शेजाऱ्यानं बॉयलरचा विषय काढलाच तर म्हणायचात, "भोंगा झाला न्हवं? आता म्हशीचं बोला." त्या बोलण्याची मला आता लई आठवण येते. माझ्या कामाला भोंगाच नाही, अण्णा. जेवताना काम, झोपताना काम, नातवंडं तुमची शेजारी बसून कंटाळतात.

माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत आणि त्यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. आपापल्या घरी बसून ती कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी मिटवतात. माझ्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढं हिरवा ठिपका असतो. दहा मिनिटं हात थांबला की तो लाल होतो, आणि तीनदा लाल झाला की काम सुटलं. मोजतं मशीनच. मी फक्त संध्याकाळी सहाच्या आत 'मान्य' दाबायचं. पुढं तेवढ्यासाठीही माणूस लागणार नाही म्हणतात.

आज तलवाड्याच्या एका बाईचा तिसरा लाल पडला. लगेच तिचा फोन. "सर, सासूबाई न्हाणीत पडल्या. उचलाय गेलते. अकराच मिंटं झाली बघा." मी म्हणालो, आधी कळवायचं होतं. "त्यांना उचलू का तुमाला फोन करू, सर?" तिचं सगळं घर या कामावर उभं आहे. 'अमान्य' दाबायचं तर कारण लिहावं लागतं, आणि मशीनला कारण एकच चालतं: देखरेख करणाऱ्याची चूक. ती माझ्या नावावर चढते. एक आधीच चढलेली आहे. फोन ठेवला आणि बाकीच्या अकरा ठिपक्यांकडं बघत बसलो.

बसल्या बसल्या तो दिवस आठवला. पॉलिटेक्निकच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस. मी एसटीत बसलोय आणि आठला पाच मिनिटं असताना लक्षात येतं की गुणपत्रिका घरीच राहिली, ट्रंकेत. चपला हातात घेऊन मी चाळीतल्या आपल्या घराकडं पळतो. पुढची गाडी थेट दुपारची, म्हणजे वर्ष गेलंच. परत येताना छाती फुटायची वेळ आलीय, आणि एवढंच कळतंय की भोंगा अजून झालेला नाही. ड्रायव्हर निवांत बिडी ओढतोय, त्याचं घड्याळ म्हणजे तुम्हीच. मी पायरीवर पाय ठेवतो आणि भोंगा होतो. वळून बघतो तर तुम्ही जिन्यावर, हातात साखळी, टक्क उघड्या डोळ्यांनी माझ्याकडंच बघताय. आठ वाजून सात मिनिटं झालेली.

साहेबांनी जाब विचारल्यावर तुम्ही सांगितलंत, "डोळा लागला." एवढंच. त्यांनी तुम्हाला भोंग्यावरून काढून राख उपसायला लावलं. आईनं किती विचारलं, "आजवर न्हाई अन् त्याच दिवशी कावून झोप आली वो तुमाला?" तुम्ही तिलाही काही सांगितलं नाही. रिटायर होईपर्यंत चहाच्या टपरीवर जो तो विचारायचा, "काय अण्णा, जागे हाय ना?" आणि तुम्ही हसून कपात बघायचात.

सहाला चार मिनिटं असताना मी 'अमान्य' दाबलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं, माझी चूक, डोळा लागला होता. त्या बाईला कळवलं नाही. उद्या बसेल कामाला तेव्हा तिचं तिला कळेल.

हा कागद मी त्याच ट्रंकेत ठेवणार, तुम्ही नसताना आणखी कुठं टाकू? पण एक कबूल करायचं राहिलंय. तुम्हाला शेवटपर्यंत वाटत राहिलं असेल, पोराला काही कळलं नाही. मला त्या पायरीवरच सगळं कळलं होतं. तरी पॉलिटेक्निकच्या पहिल्या सुट्टीत घरी आलो, टपरीवर तुमच्या शेजारी बसलो, आणि कुणीतरी विचारलं, "काय अण्णा, जागे हाय ना?" सगळे हसले. अण्णा, मीही हसलो.